दिवसभर लहान मुलासोबत: घराभोवतीचे नवल शोधायला सुरुवात कशी करावी

लहान मुलाला दिवसभर सांभाळण्याची जबाबदारी नव्याने अंगावर आली, की पहिल्या काही दिवसांतच बहुतेकांना जाणवते की दिवस संपता संपत नाही. सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, आंघोळ आणि नाश्ता उरकलेला असतो, खेळण्यांची टोपली दोनदा उपडी होऊन झालेली असते, आणि दुपारच्या झोपेला अजून बराच अवकाश असतो. हा लेख अशा मंडळींसाठी आहे: रजा वाढवून घरी राहिलेल्या आईसाठी, घरून काम करत मूल सांभाळणाऱ्या बाबांसाठी, निवृत्तीनंतर नातवंडाचा ताबा मिळालेल्या आजी-आजोबांसाठी. मूल साधारण दीड ते पाच वर्षांचे आहे आणि घर शहरातल्या सोसायटीतला फ्लॅट आहे, असे मी गृहीत धरले आहे. अंगण असलेल्यांचे काम पुष्कळच सोपे आहे.

सुरुवातीलाच माझे मत सांगून टाकतो. मुलाला रोज नवीन काहीतरी दाखवले पाहिजे, हा समज मोठ्यांना थकवतो आणि मुलालाही फारसे काही देत नाही. नवल वाटायला लागते ते तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिल्यावर, कारण काल कशी होती हे माहीत असल्याशिवाय आज काय बदलले ते दिसत नाही. त्यामुळे पुढच्या सर्व पायऱ्यांचा रोख जागा आणि वस्तू कमी ठेवण्याकडे, आणि त्यांच्याकडे परत परत जाण्याकडे आहे.

पहिली पायरी: दिवसातली एक वेळ मोकळी ठेवणे

रोज अर्धा ते पाऊण तास असा काढा की ज्यात कुठेही पोहोचायचे नाही, काही आणायचे नाही आणि काही उरकायचे नाही. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यानची वेळ उत्तम. ऊन कोवळे असते, पक्षी आणि किडे हालचाल करत असतात, आणि मुलाची किरकिर सुरू झालेली नसते. या वेळेत फोन घरात राहू द्या किंवा खिशातून बाहेर काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा बैठा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा आणि त्याहून लहान बाळांना तो मुळीच देऊ नये. मात्र इथे मुद्दा मुलाच्या पडद्याचा नसून तुमच्या पडद्याचा आहे. मुंगीचा फोटो काढण्यासाठी फोन बाहेर आला, की मूल मुंगी सोडून फोनकडे पाहू लागते, आणि तो खेळ तिथेच संपतो.

या वेळेत वेग मुलाने ठरवायचा. दोन वर्षांचे मूल इमारतीच्या जिन्यावरून फाटकापर्यंत जायला वीस मिनिटे लावू शकते, कारण मधल्या प्रत्येक पायरीवर त्याचे काम असते. ‘चल, लवकर चल’ हे शब्द या अर्ध्या तासापुरते बाजूला ठेवा. सुरुवातीचे चार-पाच दिवस मोठ्या माणसाला हे फार जड जाते, हात शिवशिवतात, घरातले कपडे वाळत टाकायचे राहिलेले आठवतात. ती अस्वस्थता साहजिक आहे आणि ती पुढे कमी होते.

दुसरी पायरी: जागा ठरवणे

फ्लॅटपासून चालत पाच मिनिटांच्या आत असलेल्या दोन-तीन जागा निवडा आणि महिनाभर त्याच ठेवा. चांगल्या जागेची लक्षणे सोपी आहेत: थोडी उघडी माती, एखादे झाड, बसायला कठडा, आणि वाहने नसणे. सोसायटीच्या कुंपणाची भिंत, पाण्याच्या टाकीमागचा ओलसर कोपरा, मंदिराच्या पारावरचा पिंपळ, वॉचमनच्या खोलीशेजारची कुंडी यांपैकी काहीही चालते. झाडून-पुसून लख्ख ठेवलेल्या आणि रबरी फरशी घातलेल्या उद्यानांपेक्षा हे दुर्लक्षित कोपरे कितीतरी श्रीमंत असतात, कारण तिथे पडलेले पान पडून राहते आणि त्याखाली काहीतरी राहायला येते.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात महागड्या साधनांच्या जागी खडे, शंख-शिंपले, पाने, बिया आणि माती आली. शाळा मुलांच्या अंगणात नेली म्हणून ती अंगणवाडी झाली, आणि गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी ती थेट कुरणात गेली. आज दुकानातून शैक्षणिक खेळण्यांचा संच आणण्यापूर्वी या गोष्टीची आठवण ठेवावी, असे मला वाटते.

तिसरी पायरी: कढीपत्त्याची एक कुंडी

एकाच वस्तूने सुरुवात करायची असेल तर माझी शिफारस कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीची आहे. रोपवाटिकेतून हातभर उंचीचे, कोवळी पालवी असलेले रोप आणा आणि गॅलरीत किंवा खिडकीच्या कठड्यावर, जिथे सकाळचे ऊन येते तिथे ठेवा. त्यावर कोणतेही औषध फवारू नका, आणि फोडणीला कढीपत्ता हवा असेल तर तो मंडईतून आणा.

ही दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत, आणि काळ्या-पिवळ्या नक्षीचे लिंबाचे फुलपाखरू तसेच काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेले कॉमन मॉर्मन या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉर्मनही याच नात्यातले आहे. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या कुंडीपर्यंतही मादी येते. पावसाळ्यात आणि त्यानंतर हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत शक्यता सर्वांत जास्त असते. ती पानावर स्थिर बसत नाही; फडफडत असतानाच पोट वाकवून कोवळ्या पानाला टेकवते आणि निघून जाते. ती गेल्यावर मुलाला उचलून त्या पानाकडे न्या. खसखशीच्या दाण्याएवढे, फिकट पिवळे, गोल अंडे तिथे एकटेच चिकटलेले दिसेल.

चार-पाच दिवसांत त्यातून जी अळी निघते ती पाहून बहुतेक मोठी माणसे फसतात, कारण ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, तपकिरी आणि मधे पांढरट डाग असलेली दिसते. खाणाऱ्याने तिच्याकडे दुर्लक्ष करावे यासाठीच हे सोंग असते. मुलाला ही गंमत सांगा. ‘शीचं सोंग घेतलंय’ या वाक्यावर तीन वर्षांचे मूल दिवसभर हसते. अळी कात टाकत वाढते आणि शेवटच्या कातीनंतर एकदम हिरवीगार होते. या टप्प्यावर तिला गवताच्या काडीने मानेजवळ अगदी हलके टेकवले, तर डोक्यामागून नारिंगी किंवा लालसर रंगाचे, दोन फाटे असलेले शिंगासारखे इंद्रिय क्षणात बाहेर येते आणि लिंबाच्या सालीसारखा, पण उग्र वास पसरतो. हे एकदाच करावे. दहा वेळा करण्याचा हट्ट मूल धरेल. तेव्हा ‘तिला भीती वाटते म्हणून ती असं करते’ एवढे सांगून काडी बाजूला ठेवावी. दुसऱ्या जिवाच्या भीतीचा विचार करण्याची सवय इतक्या लहान प्रसंगातून लागते, आणि ती पाठ्यपुस्तकातून लागत नाही.

या काळात झाडाची पाने संपत जातात. ती संपू द्यायची. कढीपत्ता पुन्हा फुटतो.

दोन ते तीन आठवड्यांनी अळी खाणे थांबवते, जागा शोधत फिरते आणि फांदीला शेपटीकडून चिकटून, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून कोष करते. आजूबाजूच्या रंगानुसार तो हिरवा किंवा तपकिरी होतो. आता आठ-बारा दिवस काहीच घडताना दिसत नाही, आणि नवशिक्या पालकाची खरी परीक्षा हीच असते. मूल रोज विचारणार, ‘आज येणार?’ आपण रोज सांगायचे, ‘आज नाही वाटत, पण बघून येऊ.’ फुलपाखरू बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कोष काळपट होतो आणि आतली नक्षी बाहेरून दिसू लागते. ते बहुधा सकाळीच बाहेर येते. त्याचे पंख चुरगळलेले असतात आणि ते उलटे लटकून तास-दीड तासात पंख ताठ करते. तोवर त्याला हात लावू द्यायचा नाही, कारण या वेळी पंख वाकला तर तो कायमचा वाकडा राहतो.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. पुष्कळ अळ्या पक्षी आणि गांधीलमाश्या नेतात, आणि काही कोषांतून फुलपाखराऐवजी बारीक परजीवी माश्या निघतात. असे झाले तर खोटे बोलू नका. ‘त्या माशीची पिल्लं आत वाढली, म्हणून आपलं फुलपाखरू आलं नाही’ हे वाक्य चार वर्षांचे मूल ऐकू शकते. माझ्या मुलीने यावर विचारले होते, ‘मग माशीची आई खूश झाली का?’ मला यावर उत्तर सुचले नाही, आणि ते देण्याची गरजही नव्हती.

चौथी पायरी: स्वयंपाकघरातले बदल

बाहेर जाता येत नाही अशा दिवसांसाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे, फक्त कामाचा वेग निम्मा होईल हे आधी मान्य करावे लागते. मटार सोलणे, मेथी निवडणे, कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या करणे ही कामे मुलाला खरोखर द्या. मटाराच्या शेंगेत निघणारी हिरवी अळी आपण मुकाट्याने फेकून देतो, ती एकदा वाटीत ठेवून बघायला हरकत नाही.

मटकीला मोड आणणे हा दोन दिवसांचा खेळ आहे. संध्याकाळी मटकी भिजत घालताना मुलाकडून एक कोरडा दाणा वेगळा काढून ठेवावा, म्हणजे सकाळी फुगलेल्या दाण्याशेजारी तो ठेवून पाहता येतो. पाणी काढून फडक्यात बांधलेली मटकी दुसऱ्या दिवशी उघडली की पांढरे टोक दिसते, आणि आपण ज्याला मोड म्हणतो ते खरे तर रोपाचे मूळ असते. आता चार-पाच मोड आलेले दाणे बाजूला काढा. काचेच्या ग्लासात आतल्या बाजूने ओला टिशू पेपर किंवा सुती कापड लावून त्याच्या आणि काचेच्या मधे ते दाणे अडकवा, म्हणजे मूळ बाहेरून दिसत राहील. मुळे बोटभर खाली उतरली की ग्लास आडवा करून ठेवा. दुसऱ्या दिवशी मुळाचे टोक काटकोनात वळून पुन्हा जमिनीच्या दिशेने निघालेले असते. ग्लास परत उभा केला की ते पुन्हा वळते. मातीत, अंधारात असलेल्या मुळाला खाली कुठे आहे हे कळते, ही गोष्ट काचेतून दिसल्यावर मोठ्या माणसालाही थोडे थांबून विचार करावा लागतो.

हळदीची गंमत तर प्रत्येक घरात न बोलावता घडते. वरण-भाताचा पिवळा डाग पडलेला सदरा साबणाने चोळला की डाग लाल होतो; हळदीतला रंग अल्कधर्मी पदार्थाला लागला की तांबडा होतो, आणि हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. हे मुलासमोर करायचे असेल तर चुना मात्र वापरू नका, तो डोळ्यांना आणि कातडीला घातक आहे. पांढऱ्या कागदावर ओल्या हळदीचा हात फिरवून तो वाळू द्या आणि मग काडीने त्यावर साबणाच्या पाण्याने किंवा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने रेघा ओढायला सांगा. पिवळ्यावर तांबड्या रेघा उमटतात, आणि त्यांवर लिंबू फिरवले की त्या परत पिवळ्या होतात. गोकर्णाची निळी फुले मिळाली तर ती गरम पाण्यात टाकून निळे पाणी करता येते. त्यात लिंबू पिळले की ते जांभळट गुलाबी होते. गरम पाण्याचे काम आपण करायचे, लिंबू पिळण्याचे मुलाने.

पाचवी पायरी: ऊन, सावली आणि चंद्र

झाडाखाली सकाळी पडलेले उन्हाचे कवडसे नीट पाहा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण जमिनीवरचे कवडसे बहुतेक गोल किंवा लंबगोल असतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची लहानशी प्रतिमा असते. फट बारीक आणि जमीन दूर असेल तर हे सहज दिसते. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे होतात, त्यामुळे वर न पाहता ग्रहण पाहण्याचा लहान मुलांसाठी हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

घरात करण्यासारखा प्रकार असा: रस्त्याकडे किंवा उजेडाकडे तोंड असलेल्या खोलीच्या खिडक्या जाड पुठ्ठ्याने आणि चादरींनी पूर्ण झाका, पुठ्ठ्याला वाटाण्याएवढे भोक पाडा, आणि समोर पांढरी चादर धरा. बाहेर लख्ख ऊन असेल तर समोरची इमारत, झाड आणि रस्त्यावरून जाणारी रिक्षा रंगांसकट उलटी दिसू लागते. डोळे अंधाराला सरावायला पाच-सात मिनिटे लागतात. तेवढा वेळ गाणी म्हणून काढावा. अंधाराला घाबरणाऱ्या मुलावर हा प्रयोग लादू नये, त्याला आधी बाहेर उभे करून आतल्या माणसाने त्याचे उलटे रूप पाहिले आणि मग जागा बदलल्या, तर भीती बऱ्याचदा आपोआप जाते.

सावलीसाठी वर्षातला एक दिवस लक्षात ठेवण्यासारखा आहे. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली काही क्षण तिच्या पायाखाली जाते. पुण्यात हा दिवस १३-१४ मेच्या आसपास येतो, मुंबईत १५-१६ मेच्या आसपास, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. वेळ घड्याळातल्या बाराची नसते. पुण्या-मुंबईत ती साडेबाराच्या थोडी पुढे, नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास असते. दुसरा दिवस जुलैत येतो, पण तो बहुतेकदा ढगांत जातो. गच्चीवर एक तांब्या ठेवा, डोक्यावर टोपी घाला, मुलाला पाणी पाजा आणि दहा मिनिटांत खाली या. या दिवसाला अर्थ यावा म्हणून आधीचे काही आठवडे सकाळी आठला आणि सायंकाळी पाचला गॅलरीतल्या कुंडीची सावली खडूने आखून ठेवावी. सावली लांब-आखूड होते हे ज्याने पाहिलेले नाही, त्याला ती नाहीशी होण्याचे काय वाटणार?

चंद्राचे वेळापत्रक मुलाच्या झोपेच्या वेळेशी जुळवावे लागते. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास दिसतो, पण संकष्टीला नऊ-साडेनऊ वाजतात आणि घरातले चिमुकले तोवर झोपलेले असते. संकष्टीचा उपास घरात कोणी करत असेल तर चंद्रोदयाची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पाहिली जातेच. ती पाहताना मुलाला खांद्यावर घ्यावे. अमावास्येनंतर बीज-तीजेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला थोडाच वेळ असते. पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात मात्र सकाळी चंद्र आकाशात असतो, आणि दिवसाढवळ्या चंद्र पाहिलेले मूल पुढचे कित्येक दिवस तो शोधत राहते.

सहावी पायरी: बोलायचे किती आणि कसे

आपल्या घरांत मुलांशी बोलण्याची एक ठरावीक पद्धत आहे, आणि ती मला मुळीच आवडत नाही. पाहुणे आले की ‘सांग बरं, काऊ कसा करतो? हा कोणता रंग? हे काय आहे?’ अशी तोंडी परीक्षा सुरू होते. मूल ज्याकडे पाहत असते त्याविषयी असे प्रश्न विचारले, की त्याचे लक्ष त्या गोष्टीवरून उठून आपल्या चेहऱ्यावर येते, कारण आता त्याला बरोबर उत्तर द्यायचे असते. त्याऐवजी आपण जे पाहतो ते साध्या वाक्यात बोलावे: ‘ही मुंगी उलटी फिरली’, ‘याला वास येतोय’. अनेकदा काहीच न बोलता शेजारी उकिडवे बसणे सर्वांत चांगले.

मुलाने ‘का?’ विचारले तर उत्तर एका वाक्याचे द्या आणि थांबा. त्याला आणखी हवे असेल तर ते विचारेल. उत्तर माहीत नसेल तर तसे सांगावे आणि करून बघता येईल का ते पाहावे. मुंग्या एका रांगेत का जातात, या प्रश्नावर सुगंधी खुणांचे व्याख्यान देण्यापेक्षा भिंतीवरच्या रांगेत एका ठिकाणी ओल्या फडक्याने बोटभर पट्टी पुसून टाकावी. मुंग्या त्या कडेला येऊन थबकतात, मागे फिरतात, मिशा हलवत शोधतात, आणि काही वेळाने एखादी धीट मुंगी पलीकडे पोहोचली की रांग पुन्हा जुळते. हे पाहिलेल्या मुलाला ‘त्यांनी रस्त्यावर वास लावून ठेवला होता’ एवढे एक वाक्य पुरते. लाल चावऱ्या मुंग्यांच्या जवळ मात्र हा उद्योग नको.

आणखी एक पथ्य मोठ्यांसाठी. पाल, कोळी, गांडूळ, वाणी यांच्याविषयीची किळस मुलाला जन्मतः नसते. ती आपल्या ‘शी!’ मधून येते. तुम्हाला पालीची भीती वाटत असेल तर ती आहे असे सांगा, पण ‘पाल अंगावर पडली की अशुभ’ किंवा ‘बागुलबुवा येईल’ या गोष्टी टाळा. ट्यूबलाइटजवळची पाल पतंगावर झडप घालते तो खेळ रात्री जेवताना फुकट बघायला मिळतो.

सातवी पायरी: सावधगिरी

हा भाग थोडक्यात, पण सोडू नये असा. शेंगदाणे, चणे, मटकी, वाटाणे हे तीन-चार वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत किंवा नाकात अडकू शकतात, त्यामुळे बियांचे सर्व खेळ नजरेसमोर आणि संपले की वाटी उचलून. रस्त्याकडेला सर्रास लावलेल्या पिवळ्या बिट्टीची फळे, कण्हेर, एरंडाच्या बिया आणि लाल-काळी गुंज हे विषारी आहेत. गुंज दिसायला इतकी सुंदर असते की ती हमखास खिशात जाते. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये. केसाळ अळीला, म्हणजे सुरवंटाला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून असू द्या. पाण्याच्या खेळासाठी बादली नको, पसरट परात वापरा; लहान मुलाला बुडायला थोडेसे पाणीही पुरते. पावसाळ्यात भिंतींवर चढणाऱ्या मोठ्या गोगलगायी पाहाव्यात, पण उघड्या हाताने उचलू नयेत, आणि मातीतून परतल्यावर साबणाने हात धुणे ठरलेलेच.

आठवी पायरी: ऋतू येतील तसे घेणे

याचे वेगळे नियोजन करण्याची गरज नाही, नेहमीच्या जागेवर जात राहिले की ऋतू स्वतःच भेटायला येतात. एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस, पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचा किडा, मग भिंतीवर वाणी आणि शेवाळ, भाद्रपदात तेरड्याच्या शेंगा, ज्या बोटाने दाबताच फटकन फुटून बिया उडवतात आणि ज्यांपुढे विकतचे कोणतेही खेळणे फिके पडते. हिवाळ्यात पहाटे कोळ्याच्या जाळ्यावर दव बसते, तेव्हा एरवी न दिसणारी जाळी झुडपाझुडपांवर उघडी पडते.

मेअखेर ते जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजवे पाहायला मोठी गर्दी जाते. पाच वर्षांखालच्या मुलाला तिथे नेण्याच्या मी विरुद्ध आहे. मूल रात्री उशिरापर्यंत जागे ठेवावे लागते, आणि काजव्यांचे चमकणे हे जोडीदारासाठीचे संदेश असताना गाड्यांचे दिवे आणि मोबाइलचे झोत त्यात व्यत्यय आणतात. गावी आजोळी विहिरीपाशी एखादा काजवा दिसला तर तो पुरे.

नोंद कशी ठेवावी

वही, चिकटवही, छायाचित्रांचा संग्रह यांचा खटाटोप दोन आठवड्यांत बंद पडतो. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने चार शब्द लिहिणे सर्वांत टिकाऊ: ‘कोकीळ ओरडला’, ‘कोष काळा झाला’, ‘बहावा फुलला’. दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी ते बसते. वर्ष संपल्यावर ते कॅलेंडर रद्दीत देऊ नका; पुढच्या वर्षी बहावा लवकर फुलला की उशिरा, हे त्यावरूनच कळते, आणि तोवर मूल आकडे ओळखू लागलेले असते.

मूल बालवाडीत जाऊ लागले की सकाळची वेळ जाते. तेव्हा घ्यायला पंधरा मिनिटे आधी निघावे आणि परतताना नेहमीच्या कुंपणाच्या भिंतीवरून यावे. बाईंना एकदा सांगून ठेवले, की याच्या खिशात कधी कधी बिया आणि पिसे असतात, तर त्या रागावत नाहीत. कपडे मशीनमध्ये टाकण्यापूर्वी मात्र ते खिसे रोज तपासा, आणि त्यांत गुंज किंवा बिट्टीची बी निघाली तर ती कुठून आली हे दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर जाऊन पाहून या.